सोळा डावे पाय

मॅडमचा मला राग यायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांच्याबद्दल लिहिताना माझ्या हातून थोडा चांगुलपणा येईल आणि वाचणाऱ्याला वाटेल की पहिल्यापासून सगळं असंच होतं. तसं नव्हतं. बेंगळुरूच्या बसवनगुडीत आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं मानसोपचाराचं क्लिनिक होतं. दर गुरुवारी साडेचारला मी तिथे जायचो, पन्नास मिनिटं बसायचो आणि जिना उतरता उतरता मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायचो. तोंडावर भांडायची माझ्यात धमक नव्हती. त्यांच्यासमोर मी वही घेऊन बसायचो आणि त्या सांगतील ते लिहून घ्यायचो, कॉलेजात घ्यायचो तसं.

मला ओसीडी आहे. म्हणजे डोक्यात एक शंका येते आणि ती जावी म्हणून तपासावं लागतं. तपासलं की शंका जरा वेळ जाते, मग आणखी मोठी होऊन येते. माझी शंका एकच होती. मी जयनगरातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होतो. लोकांचं रक्त काढायचं, नळीवर नावाचं लेबल चिकटवायचं, नळी स्टँडमध्ये लावायची. मला वाटायचं, माझ्या हातून एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलंय. त्या माणसाला भलतंच औषध मिळणार, तो त्यानं मरणार, आणि ते माझ्यामुळे झालं हे कुणाला कधी कळणारही नाही. म्हणून मी प्रत्येक लेबल सात वेळा वाचायचो. स्टँडचे फोटो काढून ठेवायचो. बसस्टॉपवरून परत लॅबमध्ये जायचो. रखवालदार मला बघितलं की म्हणायचा, "आले, इन्स्पेक्टर आले."

संध्याकाळी घरी आलो की आईला सगळं सांगायचो. ती भाजी निवडत बसलेली असायची. मी म्हणायचो, "लेबल बघितलं, नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. म्हणजे बरोबर ना?" ती मान वर न करता म्हणायची, "बरोबर." मी पुन्हा विचारायचो. ती पुन्हा म्हणायची. दोन-अडीच वर्षं हे रोज चाललं होतं आणि मला त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही.

मग मी एक गोष्ट केली, जिची मला आजही लाज वाटते. एका बाईंच्या नळीबद्दल मला शंका आली. तपासून झालं, फोटो बघून झाले, तरी शंका जाईना. तेव्हा मी नोंदीतून त्यांचा नंबर काढला आणि घरी फोन केला. म्हटलं, सकाळी रक्त दिलं ते तुम्हीच ना, नाव परत सांगाल का. त्या घाबरल्या. त्यांना वाटलं, रिपोर्टमध्ये काहीतरी भयंकर निघालंय आणि हा मुलगा सांगत नाहीये. त्या रडायला लागल्या. त्यांच्या मुलानं फोन घेतला आणि दुसऱ्या दिवशी तो लॅबमध्ये येऊन उभा राहिला.

रिपोर्ट बरोबर होता. माझ्या हातून तोवर एकही नळी चुकली नव्हती. चुकीमुळे कुणाला तरी त्रास होईल म्हणून मी ज्या भीतीत जगत होतो, तो त्रास मी तपासण्यानंच दिला होता.

आमच्या विभागाच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही इथे काम करता की आम्हाला आत टाकायची तयारी करता?"

मी म्हटलं, "सर, खात्री करत होतो."

"खात्री! इथे दिवसाला दोनशे माणसं येतात. सगळ्यांना फोन लावा. लग्नाची आमंत्रणंही देऊन टाका त्यातच."

सगळे हसले. हसता हसता माझ्याकडे बघत नव्हते, हे मला जास्त लागलं. सरांनी मला सहा आठवड्यांची रजा घ्यायला लावली. म्हणाले, बरे होऊन या, नाहीतर येऊ नका, पण सहाव्या शनिवारपर्यंत काय ते कळवा.

अशा रीतीने मी मॅडमकडे पोचलो. पहिल्याच दिवशी, लॅबचं आणि आईचं सगळं सांगून झाल्यावर, मी त्यांना माझा खरा प्रश्न विचारला. म्हटलं, ही नोकरी मला सोडावीशी वाटते. पण ते मला वाटतंय की आजाराला? मी खरंच दुसरं काही करायला हवंय, की फक्त पळून जातोय?

मॅडम कन्नडमध्ये म्हणाल्या, "इरबहुदु."

म्हणजे, असेलही. आमच्या घरी मराठी बोलतात, पण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे, त्यामुळे कन्नड आम्हाला परकी नाही. हा शब्द मी लहानपणापासून हजार वेळा ऐकलेला. तरी त्या दिवशी तो तोंडावर दार आपटल्यासारखा लागला.

"काय असेलही?" मी विचारलं. "पळून जातोय हे, की खरंच वाटतंय हे?"

"दोन्ही असेल. एकही नसेल."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं हे सांगितलं तर तुम्ही पुढच्या गुरुवारी तेच पुन्हा विचाराल. आईला विचारता तसं."

मी वहीत लिहिलं: असेलही. पेनाची निब कागदात रुतली.

उपचार म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, त्या मन शांत करायला शिकवतील. त्यांनी उलटं केलं. ज्या गोष्टीची भीती वाटते ती मुद्दाम करायची आणि नंतर तपासायचं नाही, विचारायचं नाही, भीतीला तशीच बसू द्यायचं. भीतीच्या गोष्टींची यादी केली, प्रत्येकीला शंभरपैकी गुण दिले. सुरुवात सोप्यापासून. कागदावर लिहायचं, "मी आज कुणाची तरी नळी बदलली असेल आणि मला ते कधीच कळणार नाही," आणि ते दिवसातून वीस वेळा मोठ्याने वाचायचं. पहिल्या आठवड्यात मी ते दार लावून वाचायचो. फोटो पुसून टाकायचे, हा दुसऱ्या आठवड्याचा अभ्यास. ते सगळे फोटो मी मॅडमच्या समोर बसून पुसले आणि घरी येऊन ओकलो.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आईला बोलावलं. सांगितलं, यानं "बरोबर ना" विचारलं की तुम्ही फक्त "मला माहीत नाही" म्हणायचं.

घरी आल्यावर आई पायरीवर चप्पल काढताना म्हणाली, "मला माहीत नाही, असं आईनं म्हणायचं? मग आईनं करायचं काय?"

अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, आतून म्हणाली, "मी किती वर्षं सांगते, त्याला उत्तर देऊ नका, सोकावलाय तो. तेव्हा मी वाईट. आता फी घेणाऱ्या बाईनं सांगितलं, तर ते औषध."

आमच्या घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान. माझे वडील, अप्पा, शिंपी; त्यांचे वडील शिंपी. शाळांचे युनिफॉर्म शिवायचं काम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. दहावीनंतर तिला मशीनवर बसवलं. तिला गणितात माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. तेव्हा मी सहावीत होतो आणि अप्पा जे म्हणाले ते मला आठवतं: "दोघांना नाही जमणार. एक तरी शिकू दे." एक कोण, हे कुणी विचारलं नाही.

चौदा वर्षं तिनं मशीन चालवलं, काज केली, कडांना ओव्हरलॉक केलं. फक्त कापड कापू दिलं नाही. कटिंगचं टेबल अप्पांचं. युनिफॉर्मचं कापड एकेक कापत नाहीत. थरांवर थर घालतात, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूनं आखतात आणि मोठ्या कात्रीनं पंधरा-वीस थर एका वेळी कापतात. एक चूक झाली की वीस ठिकाणी होते. अप्पा म्हणायचे, त्याला मनगटात जोर लागतो, ते बाईमाणसाचं काम नाही. अक्का शेजारणींचे ब्लाउज स्वतः कापायची, ते अप्पांना दिसायचं नाही.

यंदा एप्रिलमध्ये अप्पांचं मनगट सुजलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि महिनाभर कात्रीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. शाळा जूनमध्ये उघडणार, ऑर्डरी पडलेल्या. मी रजेवर, घरी बसलेला. अप्पांनी मला टेबलापाशी उभं केलं. अक्का मशीनवर होती. तिनं पाय थांबवला, बघितलं आणि पुन्हा मशीन सुरू केलं. तिच्या मशीनचा आवाज त्या दिवशी जरा जास्त होता असं मला वाटलं. कदाचित नसेलही.

आता जे सांगायचं ते नीट सांगता येईल की नाही, मला माहीत नाही. मला ते काम आवडलं. पहिल्या दिवसापासून. अप्पा स्टुलावर बसून सांगायचे आणि मी करायचो. कापड पसरायचं, सुरकुती हातानं सारायची, खडूची रेघ ओढायची. कात्री थरांत शिरते तेव्हा एक जाड, कोरडा आवाज होतो. भीती होतीच. वाकडं गेलं तर, आखूड झालं तर. पण भीतीच्या जोडीला दुसरंही काहीतरी होतं, जे लॅबमध्ये तीन वर्षांत एकदाही नव्हतं. सकाळी उठल्यावर मला टेबलाकडे जावंसं वाटायचं.

आणि लगेच शंका. हे खरं आवडणं आहे, की लॅब टाळायला सापडलेली सबब? मी मॅडमना विचारलं. माझ्या आवाजात विनवणी होती.

"इरबहुदु," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तीन आठवड्यांत मला सरांना उत्तर द्यायचंय. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे हा. ती नळी नाही."

"तुमच्या डोक्याला ते नळीसारखंच दिसतंय. खात्री झाल्याशिवाय हलायचं नाही, म्हणतंय. खात्री झाल्यावर कुणी नोकरी बदललेली मी अजून बघितली नाही."

मी त्यांना त्या दिवशी नमस्कार न करता निघालो. एवढंच माझं बंड.

त्यांनी अभ्यास मात्र दिला होता. टेबलावर मी प्रत्येक रेघ सहा-सहा वेळा मोजतो हे मी त्यांना सांगितलं होतं. म्हणाल्या, तिथेही सुरू झालंय ते. मोजणं कमी करा. मी वहीत लिहिलं: मोजायचं नाही. मला चांगला विद्यार्थी व्हायचं होतं. कमी म्हणजे शून्य, असा अर्थ मी माझा मीच लावला. कॉलेजातही मी असंच करायचो, दहा पानं सांगितली तर वीस लिहायचो. घरात कुणी विचारायला नव्हतं की मास्तरांना नेमकं काय हवं असतं, म्हणून जास्तच करायचं.

चौथ्या आठवड्यात अप्पा मनगट दाखवायला दवाखान्यात गेले होते. निळ्या कापडाच्या हाफ पँटा कापायच्या होत्या, एका मापाच्या आठ. मी एकटा होतो. कापडाचे सोळा थर घातले, फर्मा ठेवला, आखलं. काहीतरी चुकतंय, परत बघ, असं डोकं ओरडायला लागलं. ते तर रोजच ओरडायचं. मी मनात म्हटलं, असेलही, आणि कापलं. एकदाही न थांबता. कापून झाल्यावर मी घामाघूम होतो आणि खूप खूश होतो. शंभरपैकी ऐंशी गुणांची भीती होती ती. मला वाटलं, गुरुवारी मॅडमना सांगेन.

तासाभरानं अक्का तुकडे बांधायला आली. डावा पाय आणि उजवा पाय जोडीनं घेऊन चिंधीनं बांधतात, मग ते मशीनवर जातात. तिनं एक तुकडा उचलला. दुसरा उचलला. तिसरा. मग सगळा गठ्ठा माझ्यासमोर सरकवला.

"तम्मा," ती म्हणाली. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तिचा आवाज अगदी शांत होता. "यातून मला एक उजवा पाय काढून दे."

मी बघू लागलो. पहिला डावा होता. दुसराही डावा. मी सोळाच्या सोळा बघितले.

"नाही सापडला? परत बघ. तुला आवडतं ना परत परत बघायला."

काय झालं होतं ते मला कळलं. त्या कापडाला सुलट आणि उलट बाजू असते. थर घालताना सुलटीला सुलट लावायची, तोंडाला तोंड, म्हणजे एकाच फर्म्यात डावा आणि उजवा दोन्ही निघतात. शिंप्याच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण मी सगळे थर सुलट बाजू वर करून घातले होते. लॅबमध्ये तीन वर्षं मी हेच केलं होतं. नळ्या स्टँडमध्ये लावताना सगळी लेबलं एकाच दिशेला, आपल्याकडे तोंड करून. हातांनी कापडही तसंच लावलं.

अप्पा दवाखान्यातून आले. त्यांनी एक तुकडा उजेडात धरला.

"आठ पोरं," ते म्हणाले, "सोळा डावे पाय. हेडमास्तरीणबाईंना सांगतो, यंदा पोरांना लंगडी खेळायला लावा." मग हसू आवरून अक्काकडे वळले. "स्वल्प ॲडजस्ट कर. आठ तुकडे उलटे फिरव, उजवे होतील. उलटी बाजू बाहेर येईल, कोण बघतंय."

"उन्हात दिसतं," अक्का म्हणाली. "एक पाय चकचकीत, एक मळका. पोरांच्या आया बघतात."

"मग काय करणार?"

"उरलेल्या थानातून आठ उजवे कापायचे. दुसऱ्या थानाचा रंग जुळणार नाही. मोठ्या मापाच्या पँटांना कापड कमी पडेल, ते मी चिकपेटेच्या कापडबाजारातून आणीन, तुकडा नेऊन रंग जुळवून. आणि उरलेले आठ डावे ठेवून द्यायचे, या मापाच्या आणखी लागतील तेव्हा बघू." तिनं हे सगळं एका दमात सांगितलं. म्हणजे गठ्ठा माझ्यासमोर सरकवण्याआधीच तिनं ठरवलं होतं, आणि तरीही तिनं मला सोळा तुकडे बघायला लावले होते.

"सरी, ठीक आहे," अप्पा म्हणाले. "मी सांगतो तसं हा कापेल."

अक्कानं एक डावा तुकडा पिशवीत घातला. दुपारी ती बस धरून चिकपेटेत गेली ती चार वाजता परतली. चेहरा उन्हानं लाल. कापड टेबलावर टाकलं आणि मला म्हणाली, "तुझ्या बाईंना सांग, माझी पण फी लावा."

गुरुवारी मी मॅडमसमोर वही उघडलीच नाही. म्हटलं, "तुम्ही म्हणालात तपासू नका. मी तपासलं नाही. हे झालं." सोळा डावे पाय सांगितले. माझा आवाज चढला होता. आयुष्यात पहिल्यांदा शिकवणाऱ्या माणसावर मी ओरडत होतो.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमची अक्का कापताना किती वेळा बघते?"

"तिला कापू देत नाहीत."

"वडील?"

"एकदा. थर घातल्यावर कडा उचलून बघतात. मग कापतात."

"मग तुम्हीही एकदा. शून्य कुणी सांगितलं?"

मी वही उघडली. लिहिलेलं होतं: मोजायचं नाही. अक्षर माझं होतं.

"म्हणजे चूक माझी?"

"इरबहुदु," त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं आता मी उठून जाईन. पण त्यांनी पुढे विचारलं, "चूक झाली. मग काय झालं?"

"अक्का बोलली. अप्पांनी थट्टा केली."

"मग?"

"मग अक्का कापड आणायला गेली. मी उजव्यांचे थर घातले. सगळे उलट बाजू वर करून."

"त्याच दिवशी?"

"हो."

"भीती किती होती?"

"शंभर."

"आणि टेबलापाशी जावंसं वाटत होतं का?"

वाटत होतं. अक्काचे शब्द कानात होते, आणि तरी मला ते थर नीट घालून बघायचे होते. लॅबमध्ये एकही चूक न करता मला रोज पळून जावंसं वाटायचं. इथे खरीखुरी चूक झाली होती, सगळ्यांना दिसलेली, आणि पाय तिकडेच वळत होते. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत होतं. मॅडमनीही सिद्ध होतं असं म्हटलं नाही. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

सहाव्या शनिवारी दुपारी जेवताना अप्पांनीच विषय काढला.

"हौस फिटली ना? सोमवारपासून लॅबला जा. माझं मनगट आता बरं आहे, टेबल मी बघतो."

अक्का ताक वाढत होती. "आणि मी?"

"तू काय?"

"ह्यानं सोळा पाय बिघडवले तरी टेबल ह्याचं. तुमचा हात सुजला तरी टेबल तुमचं. मी कोण आहे दुकानात?"

"अय्यो, जेवताना कशाला," आई म्हणाली.

मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलावं. मी म्हटलं, "अप्पा, कात्री अक्काला द्या."

अप्पा म्हणाले, "तुला कुणी विचारलं?"

पण अक्काच जास्त भडकली. तिनं भांडं खाली ठेवलं. "तू दान करू नकोस. तुझं नाहीच ते. स्वतःचं काय ते बघ."

मग मी ते सांगितलं. मी लॅब सोडणार आहे. मला दुकानात शिकायचंय, अक्काच्या हाताखाली.

अप्पा जेवणावरून उठले. ताटात भात होता. हात धुऊन ते बाहेर दुकानात जाऊन बसले. आई त्यांच्यामागे गेली.

अक्का माझ्यासमोर बसून राहिली. "एक तरी शिकू दे, म्हणून मला मशीनवर बसवलं," ती म्हणाली. "चौदा वर्षं झाली. तू शिकलास, ते माझ्या पायांनी. ते वाया घालवायचं असेल तर निदान कारण सांग. आजार म्हणून येतोयस का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"असेलही. पळून येत असेन. उद्या पस्तावेन. मला खात्री नाही, अक्का. खात्री होईल असं वाटत पण नाही. तरी येतोय."

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्या बघण्यात माया होती असं मला लिहावंसं वाटतं, पण ते खोटं होईल. ती फार चिडली होती.

"वर्षभर कात्रीला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "काज, बटण, तुरपाई. आणि मला 'बरोबर ना' विचारायचं नाही. एकदा विचारलंस, तर लॅबचं दार उघडं असो की बंद, इथून बाहेर."

"सरी."

"आणि मला अक्का म्हणून लाडीगोडी लावायची नाही दुकानात."

मी खोलीत जाऊन फोनवरच सरांना राजीनामा लिहिला. चार ओळी. मॅडमचा नियम होता, एकदा वाचायचं. एकदा वाचला आणि पाठवला. पाठवल्यावर लक्षात आलं की शेवटचा दिवस कोणता ते लिहायचं राहिलं होतं. दुसरं पत्र पाठवायला बोट उचललं होतं; फोन उशीखाली ठेवला आणि त्यावर बसलो. वीस मिनिटं तिथून उठलो नाही. सरांचं उत्तर आलं: "ठीक. आयडी कार्ड आणून द्या." बस्स.

सोमवारी सकाळी अप्पा अंघोळ करून दुकानात येईपर्यंत अक्कानं वीस थर घातले होते. तिनं कडा उचलून बघितली, एकदा, आणि कात्री घातली. अप्पा दारात उभे राहिले. ती थांबली नाही. शेवटी ते वळले आणि तिच्या मशीनवर जाऊन बसले, टेबलाकडे पाठ करून.

त्याला आता चार महिने झाले. मी अजून गुरुवारी मॅडमकडे जातो आणि बहुतेक वेळा रागावूनच परत येतो. अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. जुनं गिऱ्हाईक आलं आणि मुलाची चौकशी केली, की ते सांगतात, "लॅबमध्ये आहे. जयनगरला. सध्या रजेवर आहे." मी तिथेच, हातभर अंतरावर, स्टुलावर बसून काज करत असतो. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, मग अप्पांकडे. अक्का कात्री चालवत म्हणते, "इकडे बघू नका हो, तो नवा माणूस आहे. शिकतोय."